विमान अडखळतंय? पाकीट उघडण्याआधी सेटिंग्ज उघडा

वार्षिक परीक्षा संपली की अनेक घरांत एक मागणी हमखास येते, 'नवं ग्राफिक्स कार्ड हवंय.' कशाला, असं विचारलं तर उत्तर मिळतं की मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर नीट चालत नाही. मुंबईवर विमान आलं की चित्र झटके खातं, ढगात शिरलं की गोठतं आणि नेमकं उतरायच्या वेळी सगळंच अडखळतं. कधी ही मागणी मुलांची नसते. आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेल्या बाबांची किंवा सासऱ्यांचीही असते, ज्यांना लहानपणी पायलट व्हायचं होतं. मग कोणीतरी दुकानात कार्डाची किंमत विचारतं आणि जेवणाच्या टेबलावर शांतता पसरते.

कार्ड घ्यायचं की नाही हे नंतर ठरवा. त्याआधी एक रविवार या कामासाठी काढा. बऱ्याचदा मशीन पुरेसं असतं, पण त्याच्याकडून चुकीचं काम चुकीच्या जागी करून घेतलं जात असतं. आणि काही वेळा तर अडचण अशा ठिकाणी असते, जिथे महागातलं महाग कार्ड बसवूनही काडीचा फरक पडत नाही. ही दुसरी शक्यता दुकानदार तुम्हाला सांगेलच असं नाही.

हा गेम इतका जड का?

मायक्रोसॉफ्टचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर १९८२ मध्ये आला. तेव्हा डोंगर म्हणजे दोन-चार तिरक्या रेघा होत्या. आज आपण ज्याबद्दल बोलतोय तो १८ ऑगस्ट २०२० रोजी संगणकासाठी आला. फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या असोबो स्टुडिओनं तो तयार केला. त्यानंतरची आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. दोन्हींचं तत्त्व एकच. यात बिंग मॅप्सच्या हवाई छायाचित्रांवरून अख्खी पृथ्वी उभी केली आहे. सगळा तपशील दोन पेटाबाइटपेक्षा जास्त, म्हणजे वीस लाख गिगाबाइटहून अधिक. तो कोणाच्याही घरच्या संगणकात मावणार नाही. म्हणून तुम्ही उडत असता तेव्हा खालची जमीन इंटरनेटवरून तुकड्यातुकड्यानं येत असते.

एवढं लक्षात घेतलं की या गेमचं वेगळेपण कळतं. साध्या गेममध्ये एक रस्ता, एक खोली, एक मैदान दाखवायचं असतं. इथे खिडकीबाहेर पन्नास-साठ किलोमीटरची जमीन, त्यावरची घरं, झाडं, वरचे ढग, विमानतळावरच्या गाड्या, आणि हे सगळं चालू असताना विमानाच्या पंखांवर हवा कशी वाहते त्याचं गणित. त्यातलं काही काम प्रोसेसर करतो, काही ग्राफिक्स कार्ड, काही रॅम आणि काही तुमचं वायफाय. चौघांपैकी कोणीही मागे पडलं तरी पडद्यावर दिसणारा परिणाम सारखाच असतो, चित्र अडखळतं. म्हणून तर माणसं गोंधळतात.

पोळ्यांचं गणित

स्वयंपाकघरात दोघी मिळून पोळ्या करत आहेत असं समजा. एक लाटतेय, दुसरी भाजतेय. लाटणारीचा हात सावकाश चालत असेल तर भाजणारी तव्याशी रिकामी उभी राहते. अशा वेळी तुम्ही मोठा तवा आणला, गॅस मोठा केला, तरी ताटात पोळ्या तितक्याच पडणार. उलट लाटणारी भरभर लाटून पोळपाटावर थप्पी लावतेय आणि तवा लहान आहे, तर तवा बदलायला हवा.

सिममध्ये लाटणारा म्हणजे प्रोसेसर. प्रत्येक चित्रासाठी कोणत्या गोष्टी कुठे आहेत, विमान कुठे आहे, कोणती इमारत दिसायला हवी, हे तो ठरवतो. भाजणारं म्हणजे ग्राफिक्स कार्ड, जे त्या यादीवरून प्रत्यक्ष चित्र रंगवतं. एका सेकंदात अशी किती चित्रं तयार होतात, तो आकडा म्हणजे एफपीएस. सेकंदाला ३० चित्रं हवी असतील तर प्रत्येक चित्राला सुमारे ३३ मिलिसेकंद मिळतात, ६० हवी असतील तर जेमतेम साडेसोळा. यात एक मेख आहे. प्रोसेसरमध्ये सहा, आठ, बारा कोअर असले तरी या सिमचं बरंचसं काम एकाच मुख्य धाग्यावर चालतं, त्याला मेनथ्रेड म्हणतात. म्हणजे स्वयंपाकघरात आठ बायका असल्या तरी लाटणं एकीच्याच हातात! म्हणून टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ३० टक्केच वापरात दिसतो आणि आपण म्हणतो, 'प्रोसेसर तर निवांत आहे, दोष कार्डाचाच.' तिथेच फसगत होते.

कोण मागे पडतंय हे शोधायची सोपी रीत अशी. ग्राफिक्सच्या पानावर 'रेंडर स्केलिंग' नावाची पट्टी आहे. ती १०० वरून ५० वर आणा आणि त्याच जागी एफपीएस पाहा. चित्र धुरकट होईल, त्याकडे सध्या लक्ष देऊ नका. एफपीएस लक्षणीय वाढला तर मागे पडत होतं ग्राफिक्स कार्ड. आकडा होता तिथेच राहिला तर लाटणारा थकलाय, म्हणजे मेनथ्रेड. ही युक्ती एक्स-प्लेनसारख्या दुसऱ्या सिममध्येही चालते, कारण कमी रिझोल्यूशनचा फायदा फक्त रंगवणाऱ्याला होतो.

मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये याहून थेट सोयही आहे. जनरल ऑप्शन्समध्ये 'डेव्हलपर्स' या भागात जाऊन डेव्हलपर मोड चालू केला की पडद्याच्या वरच्या कडेला एक मेन्यूची पट्टी येते, तिच्यात एफपीएस दाखवण्याचा पर्याय असतो. कोपऱ्यात एक चौकट उघडते आणि तिच्यात स्पष्ट लिहून येतं की सध्या वेग मेनथ्रेडमुळे अडलाय की जीपीयूमुळे. काम झालं की मोड बंद करा.

चाचणी एकाच मार्गावर घ्या

सेटिंग्ज बदलताना बहुतेक जण एक घोळ घालतात. आज दिल्लीवर दुपारी, उद्या गोव्यात संध्याकाळी, परवा पावसात, असं उडत राहतात आणि 'काल बरं चालत होतं' म्हणतात. अशी तुलना काही कामाची नाही. एकच विमान, एकच जागा, एकच वेळ आणि एकच हवामान ठेवा. लाइव्ह वेदर बंद करून तयार पर्यायांपैकी 'स्कॅटर्ड क्लाउड्स' निवडा, म्हणजे दरवेळी ढग साधारण तितकेच असतील. लाइव्ह ट्रॅफिकही बंद. आणि एका वेळी एकच सेटिंग बदला. दहा गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं फरक पडला ते कळणार नाही.

मार्ग म्हणून मी जुहू ते पुणे सुचवेन. फक्त आपलेपणासाठी नाही, जरी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन आपल्या छोट्या पस मॉथ विमानानं याच जुहूला उतरले होते, हे आठवून उड्डाण करायला मजा येतेच. खरं कारण वेगळं आहे. सव्वाशे किलोमीटरच्या या पट्ट्यात सिमची सगळी दुखणी एकामागून एक येतात. सुरुवातीला मुंबईची दाट वस्ती आणि शेजारीच मोठा आंतरराष्ट्रीय विमानतळ, म्हणजे प्रोसेसरची परीक्षा. मग ठाण्याची खाडी ओलांडून पनवेल, तिथून पुढे सह्याद्रीची भिंत आणि तिच्यावर अडकलेले ढग, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची परीक्षा. शेवटी लोहगाव, समुद्रसपाटीपासून सुमारे १,९४० फुटांवर, पुन्हा दाट शहर. सेसना १७२ घेऊन साडेपाच हजार फुटांवरून गेलात तर पस्तीस-चाळीस मिनिटांत पोहोचाल. तुम्ही इंदूर, बडोदा, बेळगाव किंवा हैदराबादला राहत असाल तर जवळचं मोठं शहर आणि जवळचे डोंगर जोडणारा तुमचा मार्ग ठरवा, तत्त्व तेच.

वहीत तीन आकडे लिहा: धावपट्टीवर उभं असताना, घाटावर ढगांजवळ आणि उतरताना. फक्त सरासरी लिहू नका, सर्वात कमी आकडाही लिहा. डोळ्याला सरासरी जाणवत नाही, झटका जाणवतो.

प्रोसेसर थकत असेल तर

तुमची चाचणी मेनथ्रेड म्हणत असेल तर सगळ्यात आधी 'टेरेन लेव्हल ऑफ डिटेल' या पट्टीकडे जा. विमानापासून किती अंतरापर्यंत जमीन बारकाव्यानं दाखवायची, हे ती ठरवते. ती १० पासून ४०० पर्यंत सरकते आणि हौशी मंडळी ती ४०० वर ठेवून मग चित्र अडखळतं म्हणून कपाळाला हात लावतात. अंतर दुप्पट केलं की व्यापलेलं क्षेत्र चौपट होतं, शाळेतलं वर्तुळाचं सूत्र आठवा. त्यामुळे ही पट्टी थोडी जरी पुढे सरकवली तरी प्रोसेसरवर बराच बोजा पडतो. मध्यम संगणकावर १०० पासून सुरुवात करा. घाटावर दूरचे डोंगर फारच मेणासारखे वितळलेले दिसले तर १२५, १५० करत जा. जमिनीवर आणि उतरताना लांबचं फारसं दिसतच नाही, त्यामुळे मोठं विमान मोठ्या विमानतळावर उतरवणारे लोक खाली येण्याआधी ही पट्टी कमी करतात. त्यात काही कमीपणा नाही.

तिची धाकटी बहीण 'ऑब्जेक्ट्स लेव्हल ऑफ डिटेल', ती इमारती आणि इतर वस्तूंसाठी. १०० ला बरी, शहरावर त्रास होत असेल तर ७०-८० वर आणा.

यानंतर ट्रॅफिकचं पान. विमानतळावरच्या गाड्या, कामगार, उभी विमानं, रस्त्यावरची वाहनं, समुद्रातल्या बोटी, या सगळ्यांच्या टक्केवारीच्या पट्ट्या असतात. सामान ओढणारी गाडी धावपट्टीपासून लांब फिरतेय की नाही, याचा तुमच्या उड्डाणाशी संबंध काय? या पट्ट्या १०-२० वर आणा. पूर्ण शून्य केलं तर विमानतळ कर्फ्यू लागल्यासारखा वाटतो, म्हणून थोडं राहू द्या.

'ग्लास कॉकपिट रिफ्रेश रेट' हे नाव वाचून कोणी त्याच्या वाटेला जात नाही. कॉकपिटमधले डिजिटल पडदे किती वेळा ताजे व्हावेत ते इथे ठरतं. एअरबससारख्या विमानात असे पडदे अनेक असतात आणि प्रत्येक पडदा प्रोसेसरचा वेळ खातो. ते 'मीडियम' वर ठेवा. सेसना छान पळते आणि त्याच संगणकावर ए३२० मात्र रडतं, यामागे अनेकदा हे पडदे आणि त्या विमानातल्या यंत्रणांचं गणित असतं. घरात नव्यानं शिकणारं कोणी असेल तर मी तर म्हणेन, सेसनाच उडवा. विमान उडवणं तिथेच शिकता येतं, एअरबसमध्ये निम्मा वेळ बटणं शोधण्यात जातो.

काही निवडक शहरांत फोटोग्रामेट्री असते, म्हणजे प्रत्येक इमारत छायाचित्रांवरून तिच्या खऱ्या आकारात उभी केलेली. न्यूयॉर्क त्यातलं एक. बघायला विलक्षण, पण प्रोसेसर आणि इंटरनेट दोघांनाही जड. अशा शहरात अडखळत असेल तर 'डेटा' च्या पानावर ती बंद करता येते. मग त्या जागी सिम स्वतःच्या अंदाजानं इमारती उभ्या करतो. जिथे मुळात फोटोग्रामेट्री नाही, तिथे हे बटण चालू असो की बंद, काही फरक नाही.

कार्ड थकत असेल तर

आता भाजणारी बाजू. रेंडर स्केलिंग म्हणजे पडद्याच्या किती टक्के रिझोल्यूशनवर चित्र रंगवायचं. ही टक्केवारी लांबी आणि रुंदी दोन्हींना लागते. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर पूर्ण चित्रात २०,७३,६०० ठिपके असतात. स्केलिंग ८० केलं की चित्र १५३६ बाय ८६४ होतं आणि ठिपके उरतात १३,२७,१०४, म्हणजे ६४ टक्के. कार्डाचं एक तृतीयांशाहून जास्त काम वाचलं आणि ८० वर चित्र अजून चांगलंच दिसतं. ७० च्या खाली मात्र कॉकपिटमधले आकडे वाचताना डोळे बारीक करावे लागतात. फोर-के टीव्हीला लॅपटॉप जोडून खेळणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं, त्या पडद्यावर फुल एचडीच्या चौपट ठिपके असतात. टीव्ही मोठा म्हणून गेमही फोर-केमध्ये चालवलाच पाहिजे असं नाही.

ढग. या सिमची खरी शोभा ढगांत आहे, आणि पावसाळ्यात सह्याद्रीवर उडण्याइतकं सुख दुसरं नाही. 'व्हॉल्युमेट्रिक क्लाउड्स' अल्ट्रावर असतील तर कार्डाचा घाम निघतो. 'हाय' वर आणलेत तर खिडकीतून पाहणाऱ्याला फरक ओळखता येणार नाही, कार्डाला मात्र हायसं वाटेल. 'लो' वर आणू नका, ढगांचे फाटके कापूस होतात. माझ्या मते इतर काहीही कापा, ढग 'मीडियम' च्या खाली नेऊ नका.

सावल्या, 'अ‍ॅम्बियंट ऑक्लूजन' म्हणजे सांदीकोपऱ्यातला काळोख, पाण्यावरची प्रतिबिंबं, गवत आणि झुडपं, हे सगळे कार्डावरचे छोटे छोटे कर आहेत. एकेकटे फार नाहीत, मिळून मात्र जड. गवत-झुडपं तर साडेपाच हजार फुटांवरून दिसतही नाहीत, ती 'लो' वर टाका. 'मोशन ब्लर', 'लेन्स फ्लेअर', 'डेप्थ ऑफ फील्ड' सरळ बंद करा. ही सगळी कॅमेऱ्याची नखरेगिरी आहे, पायलटच्या डोळ्यांना असलं काही दिसत नाही. घरात कोणाला खेळताना गरगरत असेल तर मोशन ब्लरसोबत कॅमेऱ्याची थरथरही बंद करून पाहा.

एनव्हिडियाचं आरटीएक्स कार्ड असेल तर 'डीएलएसएस' हा पर्याय दिसेल, इतर कार्डांसाठी एएमडीचं 'एफएसआर'. कमी रिझोल्यूशनवर चित्र रंगवून ते हुशारीनं मोठं करून दाखवणं, हे दोन्हींचं काम. मोबदला एवढाच की कॉकपिटच्या पडद्यांवरचे बदलते आकडे थोडे पुसट होतात, त्यांच्यामागे सावली ओढल्यासारखी दिसते. बाहेरचं दृश्य पाहत उडणाऱ्यांना हे चालेल. उपकरणांवर डोळा ठेवून उडणाऱ्यांनी 'टीएए' वर राहून स्केलिंग थोडं कमी करावं. आणि पुन्हा तेच, अडचण मेनथ्रेडची असेल तर डीएलएसएस चालू करून आकडा जागचा हलणार नाही. यूट्यूबवरचं 'हे एक बटण दाबा, वेग दुप्पट' छाप व्हिडिओ पाहून निराश होणाऱ्यांची गोष्ट इथेच दडलेली असते. त्यांनी भाजणारीला मदतनीस दिली, अडलं होतं लाटणारीचं.

कार्डाची स्वतःची मेमरी हा वेगळाच विषय. ४ किंवा ६ गिगाबाइटच्या कार्डावर 'टेक्स्चर रिझोल्यूशन' अल्ट्रा ठेवलं की ती मेमरी भरते, मग चित्र हळू होण्याऐवजी एकदम कोसळतं. चांगलं चाललेलं विमान अचानक सेकंदाला पाच-सात चित्रांवर येतं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग जीपीयू, तिथे 'डेडिकेटेड जीपीयू मेमरी' पाहा. ती काठोकाठ भरलेली दिसली तर टेक्स्चर एक पायरी खाली आणा. लगेच फरक पडला नाही तर सिम बंद करून पुन्हा चालू करा.

साठ हवेतच कशाला?

गोळ्या झाडण्याच्या गेममध्ये साठ, एकशे वीस एफपीएसचं वेड समजू शकतं. विमान त्या घाईनं वळत नाही. सिनेमा आपण सेकंदाला २४ चित्रांवर पाहत आलोय. स्थिर ३० वर सेसना अगदी सुखानं उडते आणि सुखानं उतरते. त्रास होतो तो ५५ वरून २२, पुन्हा ४८, असा आकडा उड्या मारतो तेव्हा. म्हणून वेगाला वरून झाकण घाला. व्ही-सिंक चालू करून पडद्याच्या रिफ्रेश रेटच्या अर्ध्यावर मर्यादा ठेवा, ६० हर्ट्झच्या पडद्यावर ती ३० होते. यात दोन फायदे आणखी मिळतात. लॅपटॉप कमी तापतो आणि पंख्याचा घरभर घुमणारा आवाज निम्म्यावर येतो. दहावीचा अभ्यास शेजारच्या खोलीत चालू असेल तर हा फायदा लहान नाही.

मान वळवून बाजूच्या खिडकीतून पाहिलं की झटका बसतो? मग 'ऑफ स्क्रीन टेरेन प्री-कॅशिंग' पाहा. पडद्याबाहेरची जमीन आधीच तयार ठेवायची की नाही, ते हे ठरवतं. रॅम १६ गिगाबाइट किंवा जास्त असेल तर हे 'अल्ट्रा' वर ठेवा. वर ठेवण्यासारखं हे बहुधा एकमेव सेटिंग.

दोष वायफायचा तर नाही?

एफपीएस चांगला आहे, पण खालची जमीन पाण्यात भिजलेल्या चित्रासारखी पसरट दिसतेय, इमारती उशिरा उगवतायत. इथे ग्राफिक्सच्या कुठल्याही पट्टीचा उपयोग नाही, कारण जमीनच वेळेवर पोहोचलेली नाही. २०२० च्या आवृत्तीसाठी किमान ५ एमबीपीएस आणि योग्य अनुभवासाठी २० एमबीपीएस वेग सांगितलेला आहे, २०२४ च्या आवृत्तीसाठी किमान १० आणि योग्य ५०. कागदावर घरी शंभरचा प्लॅन असतो, पण रात्री नऊला एका खोलीत मालिका, दुसरीत क्रिकेट आणि तिसरीत कोणाचा तरी व्हिडिओ कॉल चालू असतो. शिवाय राउटर हॉलमध्ये आणि संगणक दोन भिंतींपलीकडे. लांब लॅन केबल आणून थेट जोडून पाहा. या लेखातला सगळ्यात स्वस्त उपाय हाच आहे.

'डेटा' च्या पानावर 'रोलिंग कॅशे' असतं, सुरुवातीला ८ गिगाबाइटचं. अलीकडे पाहिलेली जमीन त्यात साठवली जाते, भरलं की जुनी पुसली जाते. तुम्ही पुन्हा पुन्हा त्याच भागात उडत असाल तर एसएसडीवर ते वाढवून ठेवा, प्रत्येक वेळी नव्यानं डाउनलोड होणार नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हा सिम चालवणाऱ्यांनी मात्र जपून, दिवसाचा डेटा लोणावळ्यापर्यंतही पुरणार नाही. डेटावर मर्यादा घालायची सोय त्याच पानावर आहे.

लॅपटॉपवाल्यांसाठी

लॅपटॉप चार्जरला जोडल्याशिवाय सिम चालवू नका, बॅटरीवर कार्ड मुद्दाम हळू चालतं. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन सिमला मोठं कार्ड नेमून दिलंय का ते तपासा, काही वेळा बिचारा प्रोसेसरमधल्या लहान ग्राफिक्सवर धडपडत असतो. सुरुवातीची पंधरा मिनिटं छान आणि मग वेग घसरतो, असं होत असेल तर ते तापण्याचं लक्षण आहे. यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतं. गादीवर, उशीवर ठेवून खेळणं बंद. मागची बाजू दोन बोटं उचलून ठेवा, पंख्यातली धूळ साफ करून घ्या. मे महिन्यात नागपूर-अकोल्यात दुपारी तीनला जी घसरण होते, ती रात्री होत नाही, त्याचं कारण सेटिंगमध्ये शोधू नका.

संगणक डेस्कटॉप असेल तर यूपीएस लावा. लोहगावची धावपट्टी समोर दिसत असताना वीज जाण्याचं दुःख शब्दांत सांगता येत नाही.

फुकटातली बाहेरची विमानं आणि विमानतळं 'कम्युनिटी' नावाच्या फोल्डरमध्ये जातात. सिमचं मोठं अपडेट आल्यावर अचानक सगळं बिघडलं तर आधी हा फोल्डर दुसरीकडे हलवून, रिकामा ठेवून पाहा. अनेकदा तिथलंच एखादं जुनं विमान गोंधळ घालत असतं. एक्सबॉक्सवर खेळणाऱ्यांना यातल्या बहुतेक पट्ट्या मिळतच नाहीत, त्यांनी वायफाय, कॅशे आणि ट्रॅफिक एवढंच पाहावं.

खर्च करायचाच असेल तर

हे सगळं करूनही भागलं नाही, तर क्रम असा ठेवा. रॅम ८ गिगाबाइट असेल तर आधी ती वाढवा. २०२० च्या आवृत्तीला किमान ८ चालतात, पण १६ हव्यातच, आणि २०२४ च्या आवृत्तीची तर किमान अटच १६ ची आहे. सिम जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडी घ्या, लोड व्हायला लागणारा वेळ आणि मधले झटके दोन्ही कमी होतील. कार्डाचा नंबर त्यानंतर, आणि तोही तुमच्या वहीतले आकडे 'जीपीयू' म्हणत असतील तरच. आकडे मेनथ्रेड म्हणत असतील तर कार्डाचे पैसे वाया जातील. तेव्हा प्रोसेसर बदलावा लागतो, आणि त्यासोबत अनेकदा मदरबोर्डही, म्हणून पूर्ण हिशेब आधी मागा.

मुलगा किंवा मुलगी 'पायलट व्हायचंय, म्हणून हवंय' म्हणत असेल तर एक गोष्ट मोकळेपणानं बोलून घ्या. भारतात व्यावसायिक पायलटच्या परवान्यासाठी लागणारे २०० तास खऱ्या उड्डाणाचे असतात, घरच्या संगणकावरचे तास त्यात धरले जात नाहीत. पण नकाशा वाचणं, उपकरणं ओळखणं, उतरण्याआधी कोणती कामं कोणत्या क्रमानं करायची, याची सवय घरी नक्की होते. आणि त्यासाठी अल्ट्रा ग्राफिक्स लागत नाही. कार्डासाठी ठेवलेल्या पैशांतून एक साधी जॉयस्टिक आणली, तर कीबोर्डवर विमान उतरवण्याची शिक्षा तरी संपेल.

सगळं मनासारखं जमलं की सेटिंग्जच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मोठ्या अपडेटनंतर कधी कधी पट्ट्या आपोआप जागा बदलतात. अशा वेळी नवं काही शोधत बसू नका. फोटो उघडा, सगळं पूर्ववत करा, सेसना पुन्हा जुहूच्या धावपट्टीवर उभी करा आणि वहीतले तीन आकडे जुळतात का ते पाहा.